ग्रीक रंगवलेली भांडी कशी बघायची: आधी घाट, मग नक्षी, मग गोष्ट

म्युझियममध्ये ग्रीक भांड्यांच्या दालनात शिरलं की बहुतेक जण सरळ काचेला नाक लावून चित्र बघतात, हा हेराक्लीस, तो सिंह, ही अथीना, फोटो काढला, चला पुढच्या कपाटाकडे. म्युनिकला कोनिग्सप्लाट्झवर जे अँटिकेनझामलुंगन म्युझियम आहे तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा मीही हेच केलं, शंभरेक फोटो काढले आणि घरी आल्यावर चित्रं आठवत होती पण ती कुठल्या आकाराच्या भांड्यावर होती हे एकाही बाबतीत सांगता येईना. नंतर पुण्यात दोन वर्षं चाकावर बसून मातीकाम शिकले आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की त्या रंगवणाऱ्यापुढे कोरा सपाट कागद नव्हताच, त्याच्यापुढे पोट फुगलेली, गळा आवळलेली, दोन बाजूंनी कान फुटलेली वस्तू होती आणि तिच्यात कुणीतरी पाणी नाहीतर वाइन नाहीतर तेल भरणार होतं. चित्र कुठे बसेल, किती मोठं होईल, त्यात माणसं उभी असतील की आडवी, हे निम्मंअधिक त्या घाटानेच ठरवलेलं असतं. म्हणून माझा क्रम आता पक्का आहे, आधी घाट, मग नक्षी आणि गोष्ट सगळ्यात शेवटी.

हा लेख म्हणजे तोच क्रम, पायरी पायरीने. बहुतेक उदाहरणं अथेन्सची आहेत, साधारण इ.स.पू. ६०० ते ४०० या काळातली, कारण सगळ्यात जास्त आणि सगळ्यात चांगली भांडी तिथलीच मिळतात. सोबत पेन्सिल आणि छोटी वही ठेवा, चित्रकला यायची गरज नाही.

पायरी १: चार पावलं मागे या आणि फक्त बाह्यरेषा काढा

काचेपासून लांब उभं राहायचं, इतकं की चित्रातली माणसं नीट कळणार नाहीत. डोळे भांड्याच्या पोटाच्या उंचीला आणा, गरज पडली तर वाका. आता वहीत फक्त एका बाजूची कड काढा, वरून खाली, काठ, गळा, खांदा, पोट, बैठक. मडक्याचे हे भाग आपल्याकडे कुंभार जसे सांगतो तसेच ग्रीक भांड्यालाही लागू आहेत आणि मुठीला मी कानच म्हणते, कढईचे कान म्हणतो तसं.

कड काढताना हात कुठे अडतो ते बघा. अडतो तिथे जोड असतो. मोठी भांडी एका दमात चाकावर चढवलेली नसायची, पोट वेगळं, गळा वेगळा, बैठक वेगळी काढायची, माती निम्मी सुकून चामड्यासारखी झाली की पातळ मातीच्या लेपाने जोडायची आणि मग कान लावायचे. हे जोड लक्षात ठेवा, पुढे नक्षी बघताना यांचंच काम पडणार आहे.

अँफोरा हे दोन कानांचं साठवणीचं भांडं घ्या. त्याचे ढोबळ दोन प्रकार. एकात गळ्यापासून पोटापर्यंत रेघ कुठेही न मोडता सरळ वाहत जाते, दुसऱ्यात खांद्यावर गळा एकदम कोन करून उभा राहतो. पहिल्या प्रकारात कुंभाराने रंगवणाऱ्याला अखंड पोट दिलंय, म्हणून तिथे बहुतेक वेळा भोवती काळं लिंपून मधे खिडकीसारखी चौकट सोडलेली दिसेल आणि चित्र त्या चौकटीत. दुसऱ्यात गळा वेगळा पडल्यामुळे गळ्यावर वेगळी नक्षी, खांद्यावर वेगळी, पोटावर चित्र आणि कानांच्या खाली वेलबुट्टी. एकदा हा फरक दिसला की दालनातली निम्मी अँफोरा तुम्ही लांबूनच वेगळी करू शकता.

पायरी २: हे भांडं काय काम करायचं ते विचारा

नावं पाठ करायची घाई करू नका, काम कळलं की नाव आपोआप बसतं.

हायड्रिया पाण्याचं. ग्रीक हायडॉर म्हणजे पाणी, आपलं उदक त्याच मुळाचं, त्यामुळे हे नाव तरी मराठी माणसाला विसरायचं कारण नाही. याला तीन कान, दोन आडवे बाजूला, उचलायला, आणि एक उभा मागे, ओतताना धरायला. आता गंमत बघा, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या शेवटच्या भागात अथेन्समध्ये हायड्रियांवर पाणवठ्याची चित्रं खूप आली, खांबांच्या मंडपात सिंहाच्या तोंडातून पाणी पडतंय, बायका रांगेने आल्यात. त्यातली कुणाची हायड्रिया रिकामी आणि कुणाची भरलेली हे लगेच ओळखता येतं, कारण रिकामी डोक्यावर आडवी टाकलेली असते आणि भरलेली उभी. काही चित्रांत डोक्यावर चुंबळ पण दिसते. म्हणजे पाणी आणायच्या भांड्यावर पाणी आणणाऱ्या बायका आणि त्यांच्या डोक्यावर तेच भांडं. मी त्या कपाटापुढे बराच वेळ उभी होते, विदर्भातली माझी आजी रिकामी घागर अशीच न्यायची.

बाकी मोठा गट म्हणजे पिण्याच्या बैठकीचा, सिम्पोझियमचा. ग्रीक लोक वाइन नुसती प्यायचे नाहीत, पाणी घालून प्यायचे, आणि ते मिसळायचं मोठ्या तोंडाचं भांडं म्हणजे क्रेटर, नावाचा अर्थच मिसळायचं. त्यातून ओतायला ओइनोखोई, म्हणजे एका कानाचा चंबू, काठ बहुतेक तीन पाकळ्यांसारखा चिमटलेला. प्यायला कायलिक्स म्हणजे उंच दांड्यावरची पसरट थाळीसारखी वाटी, किंवा स्कायफॉस, खोलगट, किंवा कँथारॉस, ज्याचे कान काठाच्या पार वर जातात आणि जो वाइनचा देव डायोनायसस याच्या हातात हटकून असतो. गार करायला सायकटर, याचा आकार छत्रीसारख्या अळंबीचा, वरचं पोट फुगीर आणि खाली लांब देठ, वाइन भरून हा क्रेटरमधल्या गार पाण्यात नाहीतर बर्फात सोडायचा.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये ओल्टोस या चित्रकाराचा एक सायकटर आहे, इ.स.पू. ५२०-५१० च्या सुमाराचा. त्यावर ढाल-भाला घेतलेले सैनिक डॉल्फिनवर बसून गोल चाललेत. काचेच्या कपाटात ते चित्र विचित्रच वाटतं. पण हा सायकटर क्रेटरमध्ये पाण्यावर तरंगताना डोळ्यांसमोर आणा, तो हलला की डॉल्फिन पोहायला लागतात. एक्सेकियास या अथेन्सच्या चित्रकारानेही असंच केलंय, रोमच्या व्हिला जुलिया म्युझियममधल्या त्याच्या एका मोठ्या मिसळायच्या भांड्यावर जहाजं बाहेरून नाहीत, काठाच्या आतल्या अंगाला आहेत, भांडं भरलं की ती वाइनच्या वर तरंगणार. म्हणून या पायरीला प्रत्येक भांडं मनात भरून बघायचं, मनात तिरकं करायचं, ओतायचं. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तेलाची भांडी वेगळी. अरिबॅलॉस मुठीएवढा गोल, व्यायामाला जाणाऱ्या पुरुषाच्या मनगटाला लटकणारा. लेकिथॉस उंच, अरुंद गळ्याचा, तेल थेंबाथेंबाने पडावं म्हणून. याच्यावर पुढे परत येते.

पायरी ३: काळ्यावर लाल की लालावर काळं

आता जवळ जा, पण अजून गोष्ट वाचू नका. फक्त विचारा की आकृती काळ्या आहेत की मागची बाजू काळी आहे. आकृती काळ्या आणि मागे मातीचा केशरी-लाल रंग असेल तर ती काळी-आकृती शैली. ती कोरिंथला सुरू झाली, इ.स.पू. सातव्या शतकात, आणि अथेन्सने ती सातव्या शतकाच्या अखेरीला उचलली. उलटं असेल, आकृती लाल आणि मागे सगळं काळं, तर लाल-आकृती शैली, ही अथेन्समध्येच निघाली, इ.स.पू. ५३०-५२५ च्या सुमाराला. दोन्हीच्या आधी भौमितिक नक्षीचा काळ, साधारण इ.स.पू. ९०० ते ७००, आणि मधे पूर्वेकडच्या प्रभावाचा काळ, सिंह, स्फिंक्स, कमळं, जनावरांच्या रांगा.

हा काळा म्हणजे नेमकं काय हे समजून घेतलंच पाहिजे, कारण त्याशिवाय या लोकांची करामत कळत नाही. अथेन्सच्या मातीत लोह भरपूर. कुंभारांची वस्ती केरामेइकोस, सिरॅमिक हा शब्द त्याच घराण्यातला. तीच माती पाण्यात कालवून ठेवायची, जाड कण खाली बसतात, वरचं अगदी बारीक तेवढं काढून घ्यायचं, परत निवळू द्यायचं, असं करत करत जो लेप तयार होतो त्यानेच रंगवायचं. म्हणजे रंग आणि भांडं एकाच मातीचं. कच्च्या भांड्यावर दोघांच्या रंगात फरक थोडाच, त्यामुळे रंगवणारा जवळपास लालवर लाल काढत असायचा आणि शेवटचं चित्र त्याला भट्टी उघडल्यावरच दिसायचं.

भट्टी एकदाच लावायची पण तीन टप्प्यांत. पहिल्यात हवा मोकळी, साधारण ८०० अंशांपर्यंत, सगळं भांडं लाल होतं. दुसऱ्यात हवेची वाट बंद करायची, ओली लाकडं घालायची, धूर कोंडायचा आणि ९००-९५० अंशांपर्यंत न्यायचं, आता लोहातला ऑक्सिजन निघून जातो आणि सगळं भांडं काळं पडतं. याच वेळी लेपातले बारीक कण वितळून एकमेकांना चिकटतात आणि काचेसारखा थर बंद होतो. तिसऱ्यात परत हवा सोडायची, उघडी माती सच्छिद्र असते म्हणून ती परत लाल होते, पण लेपाच्या आत हवा शिरत नाही म्हणून तो काळाच राहतो. आपल्याकडची काळी मडकी धूर कोंडून करतात तो काळेपणा बराचसा काजळीचा, कार्बनचा असतो, इथे मात्र काम लोहाचं आहे.

तपासायचं असेल तर काळ्या भागावर कुठे लालसर, तपकिरी डाग आहे का ते शोधा. भट्टीत दोन भांडी एकमेकांना टेकली, धूर नीट फिरला नाही, की तिथे काळा पक्का होत नाही. एका कायलिक्सच्या आत मला गोल लालसर कडं दिसलं होतं, भट्टीत त्याच्यावर दुसऱ्या भांड्याची बैठक ठेवलेली त्याची खूण. अडीच हजार वर्षांपूर्वी भट्टी कशी रचली होती ते त्या एका कड्यात आहे, आणि गाइड लोक तिथून पुढे निघून जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

पायरी ४: रेघ कशाने काढलीय ते शोधा

काळी-आकृती असेल तर आतल्या रेघा कोरलेल्या असतात. काळा लेप दिला, त्यावर टोकदार हत्याराने खरवडलं, खालची माती दिसली, झाली रेघ. म्हणून ती कडक असते, एकसारख्या जाडीची, धातूवर कोरल्यासारखी. कपड्यांची नक्षी, घोड्याची आयाळ, दाढीचे केस यात तिचा कस लागतो. वरून पांढरा आणि जांभळट-लाल असे दोन रंग दिलेले असतात. बाईचं अंग पांढरं, पुरुषाचं काळं, हा नियम जवळपास सगळीकडे. पांढरा रंग टिकाऊ नसतो, बऱ्याचदा उडून जातो आणि बाई काळपट दिसायला लागते, अशा वेळी डोळा बघा, पुरुषाचा बहुतेक गोल आणि बाईचा बदामासारखा.

लाल-आकृतीत रेघ ब्रशने किंवा तशाच बारीक साधनाने काढलेली. इथे तीन गोष्टी शोधा. एक, बाह्यरेषेची आणि महत्त्वाची रेघ दाट लेपाची, थोडी उठलेली असते, प्रकाश तिरका पडला की चमकते, म्हणून समोरून बघून झालं की डोकं डावीकडे उजवीकडे हलवून बघा. दोन, पोटाचे स्नायू, विरळ दाढी, बारीक केस यांसाठी तोच लेप पाणी घालून पातळ केलेला, तो भाजल्यावर मधासारखा तपकिरी येतो. तीन, आकृतीच्या भोवती बाहेरून काही मिलिमीटर रुंदीचा एक पट्टा, आधी या पट्ट्याने आकृती बांधून घ्यायची आणि मग उरलेली जागा काळी भरायची. पट्टा आणि भरण यांचे थर बऱ्याचदा वेगळे दिसतात आणि तो एकदा दिसला की काम करणारा हात दिसतो.

कोरीव रेघ आणि ब्रशची रेघ यांचा फरक एका जागी बघायचा असेल तर म्युनिकमधलं दोन्ही शैलींतलं अँफोरा बघा, अँडोकिडीस चित्रकाराच्या नावाशी जोडलेलं. एका बाजूला हेराक्लीस पलंगावर टेकून बसलाय आणि समोर अथीना, काळ्या आकृतीत. दुसऱ्या बाजूला जवळपास तोच देखावा लाल आकृतीत. मी चार-पाच वेळा या बाजूहून त्या बाजूला गेले. काळ्या बाजूला हेराक्लीस म्हणजे सुंदर कोरलेली सावली आहे, लाल बाजूला त्याला वजन आलंय, तो खरंच टेकलाय असं वाटतं. नवी शैली का टिकली याचं उत्तर तिथे उभं आहे.

पायरी ५: नक्षीला काम विचारा

लोक नक्षीला बॉर्डर समजून सोडून देतात, ती चूक करू नका. पहिल्या पायरीत जे जोड शोधले ते काढा, आता बघा प्रत्येक जोडापाशी काहीतरी नक्षी आहे. बैठकीच्या वर निमुळते टोकदार किरण, भांडं खालून कळीसारखं उमलत वर चाललंय असं त्यामुळे वाटतं. खांदा जिथे गळ्याला मिळतो तिथे जिभेसारख्या पट्ट्यांची ओळ. गळ्यावर कमळ आणि पामेटची, म्हणजे पंख्यासारख्या पसरलेल्या पानांच्या नक्षीची, साखळी. कानाच्या बुडाशी वेटोळी आणि पामेट, कारण तिथे चित्र संपतं आणि दुसऱ्या बाजूचं सुरू व्हायचं असतं, मधली अडचणीची जागा वेल भरून काढते. चित्राच्या खाली मिअँडर, म्हणजे ती काटकोनात वळणारी रेघ, तिच्यावर माणसं उभी राहतात, म्हणजे ती जमीन.

नक्षीचं हे काम सगळ्यात उघडं दिसतं ते भौमितिक काळात. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व म्युझियममधलं डिपिलॉन अँफोरा, इ.स.पू. ७५० च्या सुमाराचं, दीड मीटरहून उंच, बाईच्या थडग्यावर उभं केलेलं. गळ्याची उंची पोटाच्या निम्मी. सगळं अंग मिअँडर आणि रेघांच्या पट्ट्यांनी भरलंय, गळ्यावर हरणं चरताहेत, बकऱ्या बसल्यात. आणि माणसं कुठे आहेत? बरोबर दोन कानांच्या मधे, भांडं जिथे सगळ्यात रुंद आहे त्या पट्टीत, प्रेत ठेवलंय आणि दोन्ही बाजूंना डोक्याला हात लावून शोक करणारे. एवढ्या मोठ्या भांड्यावर फक्त एक लहान खिडकी, पण नजर तिथेच जाते कारण घाट तिथेच नेतो.

नंतर नक्षी कमी कमी होत गेली तेही बघण्यासारखं आहे. बर्लिन पेंटर नावाने ओळखला जाणारा चित्रकार, इ.स.पू. ४९० च्या आसपास, चौकटच काढून टाकतो. मेट्रोपॉलिटनमधल्या त्याच्या अँफोरावर एका बाजूला एकच गायक, हातात किथारा हे तंतुवाद्य, मान मागे टाकून गातोय, वाद्याला बांधलेलं कापड झुलतंय, पायाखाली नक्षीची जेमतेम एक छोटी पट्टी आणि बाकी सगळं चकचकीत काळं. इतका काळा रिकामा सोडायला धाडस लागतं, आणि तो काळाच इथे घाट दाखवतो.

पायरी ६: चित्र घाटात कसं बसवलंय

ही माझी सगळ्यात आवडती पायरी, इथे वेळ द्या.

व्हॅटिकनमधलं एक्सेकियासचं अँफोरा घ्या, इ.स.पू. ५४०-५३०, घडवलंय आणि रंगवलंय दोन्ही मीच अशी त्याने सहीच केलीय. ट्रॉयच्या युद्धातले दोन ग्रीक योद्धे, डावीकडे अखिलीज आणि उजवीकडे अजॅक्स, दोन ठोकळ्यांवर बसून पटावर खेळताहेत. पाठी बघा, दोघेही पुढे वाकलेत आणि त्यांच्या पाठीची कमान भांड्याच्या पोटाच्या कमानीला समांतर आहे. भाले बघा, दोन्ही भाले खाली पटापाशी जवळ येतात आणि वर कानांच्या दिशेने फाकतात, म्हणजे कुंभाराने लावलेले कान चित्रातल्या रेघेला पुढे नेतात. अखिलीजने शिरस्त्राण घातलंय, अजॅक्सचं मागे ढालीवर ठेवलंय, एवढ्याने डावा किंचित उंच झाला, पारडं त्याच्याकडे झुकलं. तोंडापाशी अक्षरं आहेत, अखिलीज म्हणतोय चार, अजॅक्स म्हणतोय तीन. कोण जिंकतंय ते कळलं, आणि ट्रॉयचं युद्ध माहिती असलेल्याला हेही माहितीय की दोघेही तिथून परत जाणार नाहीत. सगळं भांडं एकदम शांत आहे.

कायलिक्समध्ये प्रश्न वेगळा, आतली जागा गोल. गोलात माणूस उभा केला की पायाखाली वाकडी जमीन येते. काही जण खाली आडवी रेघ मारून जमीन करतात, काही जण पळणारा, गुडघे दुमडलेला माणूस काढतात जो गोलात चपखल बसतो. एक्सेकियासने म्युनिकच्या कायलिक्समध्ये जमीनच काढली नाही. साधारण ३० सेंटिमीटर व्यासाची वाटी, आत प्रवाळासारखा लाल लेप, मधे एक जहाज, पांढरं शीड फुगलेलं, डायोनायसस त्यात लवंडलाय, डोलकाठीवरून वेल चढलाय, सात घोस वर, सात डॉल्फिन भोवती. हे डॉल्फिन म्हणजे त्याला पळवून न्यायला निघालेले चाचे, अशी ती गोष्ट. वरखाली काही नाही, वाटी कशीही फिरवा. वाइनने भरली की जहाज बुडतं, पीत पीत खाली आलात की वर येतं. बाहेरून मोठे डोळे काढलेत, पिणाऱ्याने वाटी तिरकी केली की समोर बसलेल्याला डोळे दिसतात, कान म्हणजे कान आणि बैठकीचा खालचा गोल म्हणजे तोंड.

क्रेटरमध्येही असंच. कॅलिक्स क्रेटरच्या (कायलिक्स ही वाटी वेगळी) भिंती बऱ्यापैकी सरळ आणि कान पार खाली, त्यामुळे मोठा आडवा देखावा न मोडता मांडता येतो. युफ्रोनिऑसने इ.स.पू. ५१५ च्या सुमाराला नेमका हाच घाट घेऊन ट्रॉयच्या युद्धात मेलेला योद्धा सार्पेडॉन काढला, निद्रा आणि मृत्यू हे दोन पंखवाले दोन बाजूंनी त्याला उचलताहेत, मधे देवांचा दूत हर्मीस. तेवढा लांब देह गळा वेगळा पडलेल्या अँफोरावर मावलाच नसता.

आणि वोल्यूट क्रेटर, ज्याचे कान वर जाऊन गुंडाळी घेतात, त्याचं उत्तम उदाहरण फ्लॉरेन्सचा फ्रँस्वा क्रेटर. एर्गोटिमॉसने घडवला, क्लाइटियासने रंगवला, इ.स.पू. ५७० च्या सुमाराला, उंची ६६ सेंटिमीटर आणि त्यावर सुमारे २७० आकृती. १८४४ मध्ये इटलीत क्युसीजवळ सापडला, १९०० मध्ये म्युझियमच्या एका पहारेकऱ्याने त्याच्यावर स्टूल फेकलं, ६३८ तुकडे झाले, परत जोडला. पट्ट्यांवर पट्ट्या आहेत पण गोंधळ नाही, कारण प्रत्येक पट्टी भांड्याच्या एकेका अवयवावर आहे. सगळ्यात ठळक, भांड्याभोवती पूर्ण फिरणारी पट्टी पेलेऊस आणि थेटिस यांच्या लग्नाच्या वरातीला दिलीय, हे अखिलीजचे आईबाप. आता कानांकडे बघा, दोन्ही कानांवर अजॅक्स अखिलीजचं प्रेत खांद्यावर घेऊन चाललाय. अंगावर आईबापाचं लग्न आणि उचलायच्या जागी त्यांच्या मुलाचं उचललेलं प्रेत. नुसतं समोरून बघणाऱ्याला हे कळत नाही, बाजूला जावं लागतं.

पायरी ७: आता गोष्ट वाचा

माणसं ओळखायची पद्धत आपल्याला सवयीची आहे, मूर्तीच्या हातात काय आहे ते बघून देव ओळखतो तशीच. सिंहाचं कातडं आणि सोटा म्हणजे हेराक्लीस, शिरस्त्राण आणि सापांची झालर असलेलं छातीवरचं कातडं म्हणजे अथीना, पंखांचे बूट आणि दंड म्हणजे हर्मीस, त्रिशूळ म्हणजे पोसायडॉन, वेल आणि कँथारॉस म्हणजे डायोनायसस. बऱ्याचदा शेजारी नाव लिहिलेलं असतं, कधी उजवीकडून डावीकडे पण. ग्रीक मुळाक्षरं शिकायला एक रविवार पुरतो आणि त्याचा फायदा आयुष्यभर आहे.

अक्षरांत अजून दोन शब्द शोधा, एपोइएसेन म्हणजे घडवलं आणि एग्राप्सेन म्हणजे रंगवलं. आणि कालोस, म्हणजे सुंदर, एखाद्या तरुणाच्या नावापुढे. म्युनिकच्याच एका अँफोरावर युथिमिडीसने तीन नाचणारे काढलेत, एक तर पाठमोरा, कंबरेतून पिळलेला, आणि बाजूला लिहिलंय, युफ्रोनिऑसला असं कधीच जमलं नाही. एकाच शहरातले, एकाच पिढीतले दोन चित्रकार, ती चुरस अजून ओली वाटते.

बहुतेकांनी सही केलेलीच नाही. जॉन बीझली या ऑक्सफर्डच्या अभ्यासकाने आयुष्यभर कान, घोटे, कपड्यांच्या चुण्या यांची रेघ बघून हजारो भांडी एकेका हाताला लावली आणि अनामिक चित्रकारांना नावं दिली, बर्लिन पेंटर त्यातलाच. तुम्हीही एक अवयव धरा, मी घोटा धरते, आणि एका दालनात तेवढाच बघत जा, तासाभरात दोन हात वेगळे करता येतात.

लेकिथॉसकडे परत येते म्हटलं होतं. इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्समध्ये पांढऱ्या अंगाचे लेकिथॉस थडग्यावर ठेवायला बनायचे. पांढऱ्यावर बारीक रेघेने चित्र, निळा, लाल असे भाजल्यानंतर दिलेले कच्चे रंग, रोजच्या वापरात ते टिकलेच नसते, आणि मृतांसाठी ते चालत होतं. चित्रात थडग्याचा दगड, त्याच्यापाशी टोपलीत फिती आणि असेच लेकिथॉस घेऊन आलेली बाई, आणि दुसऱ्या बाजूला गेलेलं माणूस शांत बसलेलं, दोघांची नजर मिळत नाही. यातल्या काहींच्या आत गळ्याखाली एक छोटी वाटी बसवलेली असते, तेवढीच तेलाने भरायची, बाकी भांडं पोकळ. ऐपत नसलेल्या घरानेही काठोकाठ भरलेलं दिसणारं भांडं वाहिलं. मला याच्यात फसवणूक दिसत नाही, नड दिसते.

पायरी ८: पाटी वाचा, कुठे सापडलं ते बघा

शेवटी पाटी. घाट, चित्रकार, साल हे वाचालच, पण सापडल्याची जागा बघा. अथेन्सची कितीतरी अखंड भांडी ग्रीसमध्ये मिळालेली नाहीत, इटलीत एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत मिळालीत, व्हुल्ची, चेर्वेतेरी अशा ठिकाणी. म्हणजे ही निर्यात होती आणि गिऱ्हाईक परदेशी होतं. भूमध्य समुद्राकडची अँफोरा आपल्याकडेही आली, नेवासा आणि घारापुरीला त्यांचे तुकडे सापडलेत, पण ती बरीच नंतरची, रोमन व्यापारातली, चित्र नसलेली, त्यांच्यात या भांड्यांची गल्लत करू नका.

आणि पाटीवर जागाच नसेल तर तीही माहितीच आहे. तो सार्पेडॉनचा क्रेटर मेट्रोपॉलिटनने १९७२ मध्ये दहा लाख डॉलरला घेतला, तो चेर्वेतेरीजवळ चोरून उकरलेला निघाला आणि २००८ मध्ये इटलीला परत गेला, आता चेर्वेतेरीच्या म्युझियममध्ये आहे. चोरून उकरलं की शेजारी काय होतं, थडगं बाईचं की पुरुषाचं, सोबत कुठली भांडी होती, हे सगळं कायमचं जातं आणि मग कितीही सुंदर भांडं असो, त्याचं निम्मं बोलणं बंद होतं.

घरी बसून करायचं असेल तर

सगळ्यांना युरोपला जाणं जमणार नाही, तर मोठ्या म्युझियमांच्या वेबसाइट उघडा, ब्रिटिश म्युझियम आणि मेट्रोपॉलिटनची बरीच भांडी तिथे फुकट दिसतात. एका बैठकीला एकच भांडं घ्या, वीस मिनिटं. ज्याचे एकाहून जास्त बाजूंचे फोटो आहेत असंच निवडा, नुसत्या चित्राचा क्लोजअप असेल तर ते सोडून द्या. आधी फोटो इतका लहान करा की चित्र दिसेनासं होईल आणि कड काढा. मग उंचीचा आकडा बघून तेवढी उंची टेबलावर पट्टीने मोजा, कारण स्क्रीनवर मुठीएवढा अरिबॅलॉस आणि कमरेएवढा क्रेटर सारखेच दिसतात. मग कानाखालचा फोटो शोधा, मग मागची बाजू, ती बऱ्याचदा घाईत रंगवलेली असते आणि पुढची बाजू किती मन लावून केलीय ते तिच्याशी ताडून कळतं. बुडाचा फोटो असेल तर तोही उघडा, तिथे कधीकधी व्यापाऱ्याने खरवडलेल्या खुणा असतात.

काम मनात बसवायचं असेल तर स्वयंपाकघरातला एखादा तांब्या घ्या, त्यावर मार्करने एकच पट्टी काढायचा प्रयत्न करा, सरळ, सगळीकडून एकाच उंचीवर, आणि मग खांद्यावर दुसरी. कुठली पट्टी कुठे जड दिसते आणि कुठे नजर घसरते ते हातालाच कळेल, आणि पुढच्या वेळी काचेपुढे उभे राहिलात की खांद्यावरच्या त्या जिभेसारख्या ओळीकडे आधी लक्ष जाईल.